विजा ऐकणारा सहावा खांब

मित्रांनो, रस्त्यावरून जाताना तुम्ही मला पाहिले असते, तर कुंपणाचा एखादा खांब चुकून उंच राहिला असेल असे समजून पुढे गेला असता. मी एक जुना, विजा ऐकणारा खांब आहे. माझ्या डोक्यावर एक अँटेना होता, पायाशी पत्र्याची पेटी होती आणि पेटीला उन्हावर चालणारे काळे पॅनेल जोडलेले होते. आता त्यातली पेटी तेवढी उरली आहे, तीही चेपलेली. पण अठरा वर्षे मी ओक्लाहोमाच्या पश्चिमेला, एल्मवेल गावाबाहेर, ग्लेनिस उनरू यांच्या कुरणात उभा होतो.

मला जोडले ते नोला बॅस्किनने. तेव्हा ती विद्यापीठात शिकत होती. पहिल्याच दिवशी माझ्या सर्किटच्या तारा डाख देऊन जोडताना तिने स्वतःचे बोट भाजून घेतले आणि उरलेले काम डाव्या हाताने केले. त्यामुळे माझे काही डाख जरा जाडसर होते. तिच्या शिक्षकांनी ते पाहून नाक मुरडले, पण ते शेवटपर्यंत सुटले नाहीत.

माझे काम समजायला अवघड नाही. रेडिओ चालू असताना दूर कुठे वीज चमकली की खरखर होते ना, ती खरखर मी ऐकत असे. टीव्हीच्या एका रिकाम्या वाहिनीवर कान लावून मी बसायचो आणि प्रत्येक खरखर नेमकी कधी आली, ते सेकंदाच्या कोटीव्या भागापर्यंत टिपून ठेवायचो. मात्र वीज कुठे आहे, हे मला एकट्याला कधीच सांगता आले नाही. त्यासाठी माझ्यासारखे आणखी खांब लागत. एकच खरखर कोणाला आधी पोहोचली, कोणाला नंतर, यावरून दूरच्या संगणकावर विजेची जागा ठरे. निदान सहा खांबांनी ऐकले तरच उत्तर भरवशाचे. आम्ही एकूण अकरा होतो, मैलोन् मैल अंतर ठेवून पसरलेले.

मला कुरणात उभे केले वेंडेल हार्जोने. वेंडेल यंत्रे दुरुस्त करणारा, अंगाने आडवा, बोलायला सावकाश. मस्कोगी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांपैकी. त्याने खड्डा खणला तेव्हा ग्लेनिसबाई आणि त्यांचे यजमान आर्लो दोघेही येऊन उभे राहिले. आर्लो काही बोलले नाहीत. ते फारसे बोलत नसतच.

"हे विजेला बोलावून घेणार नाही ना?" ग्लेनिसबाईंनी विचारले.

"नाही, बाई. नुसतं ऐकतं."

"मग आमच्या यांच्यासारखंच म्हणायचं," ग्लेनिसबाई म्हणाल्या, आणि आर्लो हसले.

त्या भागात वसंत आला की दुपारी ढग वर चढतात. दक्षिणेकडून ओलसर वारा येतो, पश्चिमेकडून कोरडा येतो, आणि दोघांच्या भांडणातून जे वादळ उभे राहते ते पंधरा-पंधरा किलोमीटर उंच जाते. कधीकधी असे वादळ स्वतःभोवती फिरू लागते. त्यातल्या काहींच्या पोटातून एक फिरती सोंड जमिनीपर्यंत उतरते. तिला टॉर्नेडो म्हणतात. ती उतरणार का, आणि उतरली तर केव्हा, हे तिथल्या लोकांच्या दृष्टीने जगण्यामरण्याचे प्रश्न असतात. नोलाला वाटत होते की विजांच्या मोजणीवरून थोडे आधी कळेल.

ती हे ग्लेनिसबाईंना एकदा समजावून सांगत होती. मी शेजारीच असल्यामुळे मलाही तेव्हाच नीट कळले.

"वादळाच्या पोटात वर जाणारा वारा असतो," नोला म्हणाली. "तो बर्फाचे कण आणि बारक्या मऊ गारा उचलतो. त्या एकमेकींवर घासतात आणि त्यातून वीज तयार होते. वारा जोरात चढायला लागला की घासणं वाढतं, विजाही वाढतात. मिनिटाला दहा असतात, त्या पाचेक मिनिटांत चाळीस-पन्नास होतात. आम्ही त्याला उडी म्हणतो."

"आणि मग टॉर्नेडो?"

"तोच वर चढणारा वारा वादळातलं फिरणं ओढून उभं करतो, घट्ट करतो. म्हणून उडीनंतर कधी दहा मिनिटांनी, कधी वीस मिनिटांनी टॉर्नेडो येऊ शकतो."

"येऊ शकतो," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "म्हणजे येईलच असं नाही."

"नाही."

"बरं केलंस, खरं सांगितलंस."

खरे सांगितले असले तरी पुढे जे व्हायचे ते झालेच. माझ्या दुसऱ्या वसंतात एका रविवारी दुपारी आम्ही अकरा जणांनी एक मोठी उडी टिपली. नोलाने राहवेना म्हणून थेट ग्लेनिसबाईंना फोन लावला. ग्लेनिसबाई आणि आर्लो अंगणातल्या तळघरात उतरले आणि पाऊण तास बसून राहिले. टॉर्नेडो आला नाही. लिंबाएवढ्या गारा पडल्या, गहू झोपला, आणि ओव्हनमध्ये ठेवलेला मांसाचा मोठा तुकडा जळून कोळसा झाला.

पुढच्या आठवड्यात नोला तोंड पाडून आली.

"तुझ्या खांबाने आमचं रविवारचं जेवण जाळलं," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

"मला माफ करा. मी फोन करायला नको होता."

"तसं कुठे म्हटलं मी? वर गारा कोसळत होत्या, आम्ही खाली बसलो होतो. यांनी तळघरात मला बावीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगितली. घरात असते तर सांगितली नसती."

ती गोष्ट कोणती, ते त्यांनी नोलाला सांगितले नाही आणि मलाही कधी कळले नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी खरा टॉर्नेडो आला. तो गावापासून लांब, मोकळ्या रानात उतरला. आमच्या टिपणात सगळे दिसले होते. आधी उडी. मग वादळाच्या नकाशात मधोमध एक गोल भोक, जिथे एकही वीज नव्हती, कारण तिथे वारा इतक्या वेगाने चढत होता की बर्फाला एकमेकांवर घासायला सवडच मिळत नव्हती. भोकाभोवती विजांचे कडे. मग आकडा एकदम खाली आला आणि काही मिनिटांत सोंड जमिनीला टेकली. प्रत्येक वेळी असेच होते असे नाही. कधी आकडा पडतच नाही, कधी उडीशिवायही टॉर्नेडो येतो. पण त्या दिवशी असे झाले, आणि नोलाने त्यावर एक मोठा निबंध लिहिला. तिला हवामान कार्यालयात नोकरी लागली.

ती माझी कौतुकाची वर्षे. शाळेची मुले बस भरून येत. लांबच्या देशांतले लोक येऊन माझ्यासोबत फोटो काढत. एकाने मला हस्तांदोलन केल्यासारखे धरले, तेव्हा ग्लेनिसबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "जपून हो, त्यावर काल गाय अंग घासून गेली आहे." वेंडेल वर्षातून चार वेळा यायचा, झाकण उघडायचा, धूळ झटकायचा, वायरी हाताने चाचपून बघायचा, गांधीलमाशांची घरे काढायचा. जाताना झाकणावर दोनदा थोपटायचा.

मग आर्लो वारले. त्या वर्षी ग्लेनिसबाई माझ्याकडे फारशा फिरकल्या नाहीत. आणि त्याच सुमारास आकाशात एक उपग्रह गेला, जो वरून अख्ख्या देशातल्या विजांचा लखलखाट पाहू शकत होता. चांगला होता तो. मला त्याच्याबद्दल आकस नाही. पण लोक म्हणू लागले की आता जमिनीवरच्या खांबांची गरज काय. निधी आटला. वेंडेलच्या चार फेऱ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली, मग दीड वर्ष कोणीच आले नाही. आमच्यातला एक खांब ट्रॅक्टरने पाडला. दोघांची पॅनेल फुटली. दोघांच्या पेट्या पाण्यात बुडाल्या. अकराचे सहा राहिलो.

आणि एका हिवाळ्यात माझ्या पेटीत उंदीर शिरले. झाकणाचा रबर वाळून चिरला होता, तेवढी फट त्यांना पुरली. त्यांनी कुरणातले गवत आणून घर केले, पिल्ले वाढवली आणि माझी अँटेनाची वायर कुरतडली. मी ऐकत होतो, पण ऐकलेले पेटीपर्यंत पोहोचत नव्हते. सहाचे पाच झालो. कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण आमच्या नकाशाकडे आता बघतच कोण होते? एक नोला तेवढी बघायची. नकाशा कोरा पडल्याचे तिने दोनदा लिहून कळवले होते, पण कळवलेले कुठल्यातरी टेबलावर राहिले.

आता त्या मे महिन्यातल्या दिवसाबद्दल सांगतो.

दुपारी पावणेचारला वेंडेलची गाडी कुरणात शिरली. त्याचे केस पांढरे झाले होते. तो मला काढून न्यायला आला होता. वरून तसा हुकूमच आला होता. त्याने पाने-हत्यारे काढली, झाकण उघडले आणि आत बघत उभा राहिला.

ग्लेनिसबाई गुडघ्याला पट्टा बांधून हळूहळू चालत आल्या. त्यांचे वय आता त्र्याहत्तर होते.

"काय बघतोस?"

"उंदीर," वेंडेल म्हणाला. "माझीच चूक आहे. मी यायला हवं होतं."

"पाठवलं नाही तर कसा येणार?"

"माझी स्वतःची गाडी होती की."

 ग्लेनिसबाईंनी पेटीत डोकावून पाहिले. "दुरुस्त होण्यासारखा आहे?"

"वायर बदलली की होईल. पण काढायलाच सांगितलंय."

"वादळांचा मोसम संपल्यावर काढ. जमीन माझी आहे. जूनपर्यंत मी कुंपणाचं फाटक उघडणार नाही, असं सांग तुझ्या साहेबांना."

"मी फाटकाच्या आत आलोय, बाई."

"मग काम कर आणि बाहेर जा."

वेंडेलने उंदरांचे घर अलगद उचलून गवतात ठेवले. गाडीतून वायरीचा तुकडा आणला, जोडला, चिकटपट्टी गुंडाळली. चार वाजून पाच मिनिटांनी मला पुन्हा ऐकू येऊ लागले. म्हणजे ऐकू येतच होते, पण आता ते पुढे जाऊ लागले. पाचाचे पुन्हा सहा झालो.

त्या दिवशी आकाशात खूप काही चालू होते. उत्तरेला एक प्रचंड वादळ दोन वाजल्यापासून गरजत होते. त्याचे लक्षण उघड होते. रडारवर त्याचे फिरणे दिसत होते, आणि सगळ्या टीव्हीवाल्यांचे डोळे तिकडे लागले होते. त्याच्या दक्षिणेला, आमच्या नैर्ऋत्येला, एक लहान वादळ चार वाजल्यानंतर उभे राहिले. त्याकडे कोणी बघत नव्हते. आमचा भाग जवळच्या रडारपासून फार लांब. रडारचा किरण सरळ जातो आणि जमीन खाली वळत जाते, म्हणून आमच्याकडे पोहोचेपर्यंत तो दोन किलोमीटर उंच गेलेला असतो. खाली काय फिरते आहे ते त्याला नीट दिसत नाही. उपग्रहाचीही अडचण होती. मोठ्या वादळाचा पसरलेला माथा लहान वादळावर चादरीसारखा आला होता आणि खालचा लखलखाट त्यात झाकला जात होता.

पण आम्हाला खरखर ऐकायला ढग आडवा येत नाही. साडेचारला त्या लहान वादळात मिनिटाला नऊ विजा होत होत्या. चार एकेचाळीसला एकतीस. चार पंचेचाळीसला अठ्ठावन्न.

कार्यालयात काय झाले ते मी प्रत्यक्ष पाहिले नाही. पुढे नोलाने वेंडेलला सांगितले तेव्हा मी तिथे होतो, म्हणून सांगू शकतो. तिच्या पडद्यावरचा आमचा नकाशा, जो कित्येक महिने कोरा होता, त्यावर अचानक ठिपके उमटू लागले. ते बघून तिला आधी वाटले की यंत्रात बिघाड आहे. मग तिने दक्षिणेचे वादळ पाहिले आणि पाळीप्रमुख केंड्रिक यांना हाक मारली.

"उडी आहे. पंधरा मिनिटांत सहापट. मध्ये भोकही दिसतंय."

"रडारवर काही नाही," केंड्रिक म्हणाले.

"रडारला तिथलं खालचं दिसत नाही."

"नोला, याच मोसमात एल्मवेलला आपण दोनदा इशारा दिला. दोन्ही वेळा रिकामा गेला. तिसऱ्यांदा फसलो तर चौथ्यांदा कोणी जागचं हलणार नाही. माणसं मरतील ती तेव्हा."

केंड्रिक वाईट माणूस नव्हते. त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते.

"मग किती वाट बघायची?" नोलाने विचारले.

"मला एक डोळा दे. तिथे उभं राहून बघणारा कोणीही माणूस. लगेच इशारा देतो."

कुठला खांब जिवंत झाला ते नोलाने पाहिले आणि वेंडेलला फोन लावला. तो माझ्या शेजारी हत्यारे आवरत होता.

"वेंडेल, उनरूंच्या कुरणात आहेस?"

"आहे. खांब चालू केलाय, रागावू नकोस."

"नैर्ऋत्येला बघ. काय दिसतंय?"

वेंडेल वळला. ग्लेनिसबाईही वळल्या.

"पाऊस उजवीकडे आहे," वेंडेल म्हणाला. "डावीकडे ढगाचा तळ काळा, सपाट. त्याखाली एक तुकडा लोंबतोय."

"फिरतोय का?"

 फोन कानाला लावून वेंडेल एकटक बघत राहिला. घाईत काही बोलणे त्याच्या स्वभावात नव्हते.

"फिरतोय," तो म्हणाला. "सावकाश, पण फिरतोय. खालचे धुरकट चिंध्यांसारखे ढग वर ओढले जातायत."

"खात्री?"

"नोला, मी छप्पन्न वर्षं हे आकाश बघतोय."

चार वाजून पन्नास मिनिटांनी इशारा गेला.

ग्लेनिसबाई मात्र आकाशाकडेच बघत होत्या. "पण वीज कुठे पडतेय? मला तर एकही दिसली नाही."

हीच गोष्ट लोकांना फसवते, मित्रांनो. जमिनीवर पडणारी वीज तुम्हाला दिसते, पण ती विजांच्या पसाऱ्यातला लहानसा वाटा असते. बाकीच्या ढगातल्या ढगातच धावतात. त्या वादळाच्या पोटात मिनिटाला अठ्ठावन्न विजा होत होत्या आणि खाली कुरणात गाई निवांत चरत होत्या.

"सगळ्या वर आहेत," वेंडेल म्हणाला. "चला, तळघरात."

"थांब. आज मुलींचा सॉफ्टबॉलचा अंतिम सामना आहे. सगळं गाव मैदानावर असेल." ग्लेनिसबाईंची नात त्या संघात होती. त्या स्वतःही पाच वाजता निघणार होत्या. त्यांनी खिशातून फोन काढला आणि प्रशिक्षक लॉयल पेनर यांना लावला. पेनर लहानपणी त्यांच्याच हाताखाली चर्चच्या रविवारच्या वर्गात बसलेले.

"लॉयल, इशारा आला का तुझ्या फोनवर?"

"आताच आला, काकू. पण आमच्या डोक्यावर ऊन आहे. शेवटचे दोन डाव राहिलेत. मागच्या दोन वेळेला आपण सगळ्यांना आत कोंबलं आणि वर थेंबही पडला नाही. पालक मला खाऊन टाकतील."

"खाऊ देत."

"काकू, स्कोअर बरोबरीत आहे."

"लॉयल, ऐक. मी बाहेर उभी आहे आणि तो मला माझ्या डोळ्यांनी फिरताना दिसतोय. माझी नात तुझ्या मैदानावर आहे. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. आत्ता मागते आहे. सामना थांबव."

 पलीकडून शिट्टी ऐकू आली. लांब, सलग शिट्टी. ग्लेनिसबाईंनी फोन बंद केला.

मैदानावर तीनशेच्या वर माणसे होती. शाळेची जाड सिमेंटची खोली मैदानापासून पाच मिनिटांवर. म्हातारी माणसे होती, बाबागाड्या होत्या, आपली खुर्ची सोडायला तयार नसलेले एक आजोबा होते. त्यांना खुर्चीसकट उचलून नेले, असे पुढे कळले.

वेंडेल ग्लेनिसबाईंना हाताला धरून तळघराकडे घेऊन गेला. जाण्याआधी त्याने माझे झाकण लावले आणि चारही खिट्ट्या ओढून बघितल्या. घाई होती, तरी त्याने ते केले.

चार अठ्ठावन्नला आकडा पडला. अठ्ठावन्नावरून चाळीस, चाळीसवरून एकोणीस. खरखर विरळ झाली. मला ते कसे वाटले, ते सांगणे कठीण आहे. खूप माणसे बोलत असलेल्या खोलीत एकाएकी सगळी गप्प व्हावीत, तसे. पाच वाजून चार मिनिटांनी सोंड जमिनीला टेकली. ती माझ्यापासून चार किलोमीटरवर होती आणि माझ्याच दिशेने येत होती.

मी शेवटची खरखर पाच वाजून नऊ मिनिटे आणि काही सेकंदांनी टिपली. त्यानंतर मी खांब राहिलो नाही.

माझी पेटी दुसऱ्याच दिवशी सापडली, साडेपाच किलोमीटरवर, एका तळ्याच्या काठच्या चिखलात. ज्या शेतकऱ्याला सापडली त्याने ती मधमाश्यांची पेटी समजून काठीने लांबूनच ढोसली. मग झाकणावरचा क्रमांक पाहून फोन केला.

वेंडेल मला घेऊन कार्यशाळेत आला. नोला तिथे वाट बघत होती. तिने पेटी टेबलावर ठेवली आणि झाकण उघडायला लागली, पण खिट्ट्या वाकून बसल्या होत्या, त्या कापाव्या लागल्या. आतली सर्किटची पाटी शाबूत होती. तिने ते जाडसर डाख बघितले आणि बोटाने चाचपले.

"गावात काय परिस्थिती आहे?" तिने विचारले.

"मैदान साफ गेलं. मुली बसतात ती बाकं, छप्पर, गुणफलक, सगळं. एकजण गाडी आणायला परत गेला होता, त्याचा पाय तीन ठिकाणी मोडला. बाकी सगळे त्या खोलीत होते."

"सगळे?"

"सगळे. मोजले त्यांनी. तीनशे सव्वीस."

नोला स्टुलावर बसली. 

"आणि ग्लेनिसबाई?"

"घर गेलं. अकरा गाई गेल्या. आम्ही तळघरातून वर आलो तेव्हा जिथे स्वयंपाकघर होतं तिथून थेट रस्ता दिसत होता. त्या बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. मग आर्लोची टोपी शोधायला लागल्या. खुंटीला असायची ना. आम्ही अंधार पडेपर्यंत शोधली."

"सापडली?"

"नाही."

नोलाने कापलेल्या खिट्ट्या गोळा करून बाजूला ठेवल्या.

"तू त्या दिवशी नुसता खांब काढून निघाला असतास तर?" नोलाने विचारले.

"मी तो विचार करत नाही," वेंडेल म्हणाला. "दुसरा करतो. मी दीड वर्ष आधी आलो असतो, तर उंदीर शिरलेच नसते. आपल्याला त्या दिवशी नशिबावर अवलंबून राहावं लागलं नसतं. हे जमून आलं, याला काम चोख झालं असं म्हणत नाहीत."

नंतर बरेच काही घडले. सभा झाल्या, केंड्रिक यांनी स्वतः उभे राहून खांबांची बाजू मांडली, पडलेले खांब पुन्हा उभे राहिले. आता नऊ आहेत. पुढच्या वर्षी जूनमध्ये पुन्हा एक उडी दिसली, पुन्हा इशारा गेला आणि एल्मवेलची माणसे सामना सोडून नव्या मैदानावरून पुन्हा शाळेच्या खोलीत जाऊन बसली. अर्धा तास बसली. काही आले नाही. नुसता पाऊस पडला. सगळे उठून घरी गेले आणि कोणी कुरकूर केली नाही. पेनर सर तेवढे म्हणाले म्हणे, की निदान या वेळी स्कोअर बरोबरीत नव्हता.

मी आता कार्यशाळेच्या फळीवर असतो. नवीन माणूस कामाला लागला की वेंडेल मला खाली उतरवतो, माझ्यात राहिलेला कुरतडलेल्या वायरीचा तुकडा दाखवतो आणि फार काही न बोलता परत ठेवतो.

मित्रांनो, माझ्या तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. इशारा आला आणि संकट आले नाही, तर इशारा देणाऱ्यावर चिडू नका. विजा खोटे बोलत नाहीत, पण त्यांना सगळे माहीत नसते, आणि त्या ऐकणाऱ्यांनाही नसते. अर्धा तास वाया गेला, तर जाऊ द्या. दुसरी मागणी सोपी आहे. तुमच्या आसपास माझ्यासारखी कितीतरी मुकी यंत्रे असतील, जी वर्षभर काहीच करत नाहीत असे वाटते. त्यांचे झाकण अधूनमधून उघडून बघा. कौतुक नको, फोटो नको. धूळ झटका, रबर वाळला असेल तर बदला.

ग्लेनिसबाईंनी त्याच जागी लहानसे घर बांधले आहे. त्यांच्या कुरणात नवा खांब आहे, माझ्यापेक्षा बुटका. दर रविवारी चर्चहून आल्यावर, जेवायच्या आधी, त्या काठी टेकत त्याच्यापर्यंत जातात आणि मग वेंडेलला फोन करतात. मी फळीवरून ऐकतो. त्या नमस्कार-चमत्कार करत नाहीत.

"उंदीर नाहीत," त्या म्हणतात. "वायर ठीक आहे. ठेवते."